वलगावच्या रेडिओला मी दिवा बसवला

"नाळ कापल्यावर तिच्यावर राख किंवा शेण..."

एवढं बोलून रेडिओ मेला.

अंगणात शंभर-सव्वाशे माणूस बसलं होतं. बायका पुढे, पुरुष मागे, काही जण कुंपणाला टेकून. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होतो. अंगणात खुर्च्या दोनच. एकीवर शाळेचे हेडमास्तर होते, दुसरीवर मी. मला खुर्ची मिळाली कारण हा रेडिओ मी सुधारला होता. रेडिओतून बोलत होती ती बाई माझ्या डाव्या हाताला सतरंजीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या अंगणाने माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो आणि रेडिओला एक चापट मारली. पोस्टाने केलेल्या माझ्या कोर्समध्ये ही पद्धत नव्हती.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. अमरावतीत एका रेडिओच्या दुकानात मी मेकॅनिक होतो. मूळचा अकोल्याचा, वय तेवीस. रेडिओ इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून कामाच्या बाकड्यामागे भिंतीवर लावलं होतं, मालकांच्या गणपतीच्या बरोबरीने. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी कसलाच कोर्स केला नव्हता. बिघडलेला सेट आला की ते कान लावत, "कंडेन्सर गेला" म्हणत आणि पुन्हा पेपर वाचायला लागत. मी मीटर लावून अर्ध्या तासाने त्याच निष्कर्षाला येत असे. तरी हुशार मीच, असं माझं मत होतं.

एका दुपारी सुलोचनाबाई दुकानात आल्या. वलगावच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणं त्याच करत. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सायकलच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबने आवळून बांधलेला रेडिओ. त्या काळात बाई सायकलवर दिसली की माणसं थांबून पाहत. सुलोचनाबाईंना त्याची इतकी सवय झाली होती की त्या पाहणाऱ्यालाच रस्ता विचारत.

"भाऊ, याले दिवा लावून पायजे," त्या म्हणाल्या.

"कायचा दिवा?"

"शहरातल्या रेडिओले असते ना, काचंच्या मांगं. पिवया उजेड पडते अन् काटा कुठं हाय ते दिसते. तसा."

त्यांचा सेट बॅटरीवर चालणारा होता. वलगावात वीज आली होती, पण तारा त्यांच्या वस्तीच्या अलीकडेच थांबल्या होत्या. विजेच्या रेडिओत डायलच्या मागे छोटा बल्ब असतो. बॅटरीच्या सेटमध्ये नसतो. संध्याकाळी दवाखान्यातून घरी येईपर्यंत अंधार पडे. मग स्टेशन लावताना त्यांचे यजमान किसनराव कंदील जवळ धरत. एकदा कंदील इतका जवळ धरला की डायलच्या काचेवर काजळी बसली आणि लाकडी पेटीचा कोपरा करपला. तो कोपरा त्यांनी मला दाखवला.

"अन् आनखी एक गोठ हाय," त्या जरा खाली बघत म्हणाल्या. "नागपूरवाल्यांनी माह्यं भाषन भरून घेतलं. बायंतिनीची काळजी, त्याच्यावर. महिन्याभरात लागनार हाय, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात. सारं गाव बोलावनार हाव मी. मागं बसलेल्यालेबी दिसलं पायजे का काटा नागपूरवरच हाय. नाई तं म्हनतीन, बाई घरात लपून बोलून रायली."

भाऊसाहेबांनी पेपर खाली घेतला. "बाई, बॅटरीच्या सेटले दिवा नसते."

"काहून नसते?"

"कंपनी देत नाई म्हनजे कायतरी कारन असन."

मला हे उत्तर फार अडाणी वाटलं. कंपनीने काटकसर केली असणार, दुसरं काय? त्याच दिवशी भाऊसाहेब मोर्शीला निघाले. मेहुण्याच्या संत्र्याच्या बगिच्याचा सौदा होता, पंधरा-वीस दिवस लागणार होते. जाताना मला म्हणाले, "त्या बाईचा सेट साफ करून दे. दिव्याच्या भानगडीत पडू नोको."

बस फाट्याच्या पुढे गेली नसेल, तोवर मी रेडिओचं मागचं झाकण उघडलं होतं.

डायल पत्र्याची होती. पत्र्यावर रंगाने आकडे आणि स्टेशनांची नावं, पुढे दोरीवर सरकणारा तांबडा काटा आणि त्याच्यापुढे काच. पत्र्याच्या मागे दिवा लावला तर उजेड पुढे येणार कसा? मी कात्रीने पत्र्याला मोठी खिडकी पाडली. आता मागे फिरता येणार नव्हतं, आणि फिरावं असं माझ्या मनातही आलं नाही. या खिडकीत उजेड आरपार येईल असं काहीतरी बसवायचं होतं. काच कापताना दोनदा फुटली. तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाई चौकशीला आल्या तेव्हा मी त्यांना अडचण सांगितली.

"एक्सरेची फिल्म चालन का?" त्यांनी विचारलं. "मोठ्या दवाखान्यात रद्दीत पडून असतात. मी मांगतली तं तिथला कंपाउंडर नाई म्हननार नाई."

फिल्म आली. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून मी ती घासली. वरचा काळा थर निघून जातो आणि खाली निळसर, पारदर्शक पट्टी उरते. कुणा अनोळखी माणसाची छाती मी दुकानाच्या मोरीत वाहून टाकली. एक बरगडी मात्र काही केल्या जाईना. ती डायलवर मुंबईच्या डोक्यावर कायमची राहिली. त्या पट्टीवर मी काळ्या शाईने स्टेशनांची नावं देवनागरीत लिहिली. नागपूर जरा ठळक लिहिलं, गिऱ्हाईक पाहून.

मागे बल्ब धरला तर भलताच प्रकार झाला. बल्बच्या बरोबर समोर चंद्रासारखा गोल ठिपका आणि बाकी सगळीकडे अंधार. दिल्ली लखलखत होती आणि नागपूरमध्ये काळोख होता. मी फिल्मच्या मागे बटर पेपर लावला, म्हणजे उजेड पसरतो. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठा बल्बमागे तिरपा उभा केला. बल्ब मधून काढून कडेला नेला. आता उजेड एका कडेने आत शिरून चांदीवर आपटत होता आणि सगळ्या डायलभर सारखा पसरत होता. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. आजही मला त्याचं कौतुक आहे. या गोष्टीत कौतुक करण्यासारखं माझं एवढंच काम आहे, म्हणून सविस्तर सांगितलं.

राहिला बल्ब. अमरावतीत मिळत ते दोन सेलच्या टॉर्चचे. ते कमी व्होल्टावर मंद जळत. एका सेलचा बल्ब मला रविवारी अकोल्याला गेलो तेव्हा मिळाला. टॉर्च दुरुस्त करणारा एक म्हातारा बाजारात पेटी मांडून बसे. बल्ब कागदात बांधून देताना तो म्हणाला, "बेटा, ये छोटा है, मगर खाता बहुत है."

मी हसलो. एवढासा बल्ब खाऊन खाऊन किती खाणार?

इथे बॅटरीच्या रेडिओचं थोडं सांगायला हवं. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची छोटी बाटली आणि तिच्यात केसासारखी बारीक वात. ती वात तापली तरच व्हॉल्व्ह काम करतो. बॅटरीच्या सेटबरोबर विटेपेक्षा मोठा एक डबा येई. त्या डब्यात दोन बॅटऱ्या असत. एक नव्वद व्होल्टची, आणि दुसरी दीड व्होल्टची, वाती तापवायला. वाती थंड पडल्या की नव्वद व्होल्ट असून नसून सारखे.

मी मीटर लावला. वातीची बॅटरी दीड व्होल्ट. बल्ब दीड व्होल्टचा. जोडी जमली. दोन वायरी डकवल्या आणि रेडिओ चालू केला. डायल अशी उजळली की समोरचा पानवाला दुकान सोडून पाहायला आला.

मी व्होल्ट मोजले. करंट मोजला नाही. व्होल्ट म्हणजे माठातलं पाणी किती उंचीवर आहे ते, आणि करंट म्हणजे तोटीतून किती वाहून जातं ते. मी माठाची उंची पाहून समाधान पावलो आणि तोटी उघडी ठेवून आलो.

सेट पोचवायला मी स्वतः वलगावला गेलो. सुलोचनाबाईंनी बटण फिरवलं. डायल उजळली तशी त्यांनी तोंडावर हात ठेवला. किसनराव जिनिंगमध्ये कामाला होते, केसांत कापसाचे तंतू घेऊनच आले. "हे तं सिनेमावानी झालं," म्हणाले. मला चहा, शेव, आणि भाषणाच्या दिवशी येण्याचं आमंत्रण मिळालं. दारात येऊन बाई म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची ठेवतो म्हनलं हेडमास्तरांच्या बाजूले. नक्की या."

परत येताना मी सायकलचं पेडल मारायचंही विसरत होतो.

पुढचं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी शेजारी डायल पाहायला आले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचे पाहुणे आले. दिवा रेडिओबरोबरच लागे, म्हणून दिवा दाखवायला रेडिओ चालू. दुपारी स्टेशन बंद असायचं तेव्हाही रेडिओ चालू, नुसता खरखरत. आणि किसनरावांनी रात्रीचं जेवण डायलच्या उजेडात घ्यायला सुरुवात केली होती. कंदिलाचं रॉकेल वाचतं म्हणून.

भाषणाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. थंडीचे दिवस, सहालाच अंधारून आलं होतं. अंगण भरत होतं. वस्तीतले लोक तर होतेच, पण गावातूनही माणसं येत होती. येताना "जय भीम" म्हणणारे होते, "रामराम" म्हणणारे होते. या घरांतली निम्मी बाळंतपणं सुलोचनाबाईंनी केली होती. त्यातल्या काही घरी अजूनही त्यांना चहा वेगळ्या कपात मिळे. त्याच घरच्या बायका आज त्यांच्या अंगणात, त्यांच्या सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे तुळसाबाई होती. सत्तरीची म्हातारी, गावची जुनी सुईण. नर्स येण्याआधी सगळं गाव तिच्याच हातावर जन्मलं होतं. ती रेडिओकडे असं पाहत होती, जणू ही बया आता काय वाढून ठेवते ते बघू या.

रेडिओ लावला. डायल उजळली. उजेड पिवळा नव्हता, जरा तांबूस होता. मी मनात म्हटलं, छान, डोळ्याला गार वाटतो. तेवीस वर्षांच्या मेकॅनिकला मरणारी बॅटरी समोर दिसत होती आणि तो रंगाची तारीफ करत होता.

पावणेसातला निवेदकाने सुलोचनाबाईंचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मग त्यांचा आवाज आला. वाचल्यासारखा, सावकाश, शुद्ध पुस्तकी मराठीत. बाईंनी कानापर्यंत पदर ओढून घेतला. पोटुशी बाईने काय खावं, किती ओझं उचलावं, दवाखान्यात कधी यावं. अंगणात कुणी खोकलं तरी त्याच्यावर डोळे वटारले जात. मग आवाज म्हणाला, आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नाळ कापल्यावर तिच्यावर राख किंवा शेण...

तिथे रेडिओ मेला, हे सांगून झालंच आहे.

वातीची बॅटरी उतरली की आवाज हळूहळू बारीक होत जाईल असं वाटतं. तसं होत नाही. पहिल्या व्हॉल्व्हचं एक काम असं असतं की ते थोडी कमी बॅटरीही चालवून घेत नाही, एकदम थांबतं. मग स्टेशनच नाहीसं होतं. उरते ती नुसती खरखर.

चापट मारून झाल्यावर मी बटणं फिरवली. मग अंगणाकडे वळून शांतपणे म्हणालो, "नागपूरलाच काहीतरी बिघडलं वाटतं."

कुंपणापलीकडून जाणारा एक जण थांबला. "नाई ना बाप्पा. आताच पाटलाच्या वाड्यावरून आलो मी. तथी तं नर्सबाई बोलून रायल्या."

पाटलांकडे विजेचा रेडिओ होता. कुणीतरी म्हणालं, "चाला मंग तिकडं." कुणी उठलं नाही. तिकडे अर्ध्या लोकांना ओट्यावर जागा मिळाली असती आणि अर्ध्यांना ओट्याखाली उभं राहावं लागलं असतं. हे तिथे कुणी बोललं नाही. किसनराव माझ्याकडे पाहत होते. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "भाऊ," ते म्हणाले, "करा ना कायतरी. तिची पाच मिन्टं रायली आता."

मी मागचं झाकण काढलं. हात थेट बल्बला लागला. बल्ब सैल झाला, विझला. त्याच क्षणी रेडिओतून सुलोचनाबाई दोन शब्द बोलल्या, "उकळलेल्या पात्यानं," आणि पुन्हा गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. एवढा एक दिवा मी वेळेवर लावायला हवा होता.

बल्ब सगळी बॅटरी पिऊन गेला होता. बल्ब बंद झाल्यावर बॅटरीने एक श्वास घेतला, तेवढाच. आता वातींना दुसरीकडून दीड व्होल्ट पाहिजे. टॉर्चचा सेल किती व्होल्टचा? दीड.

"टॉर्च!" मी ओरडलो. "कोनाकोनाजवळ टॉर्च हाय? सेल द्या!"

रात्रीचं राखणीला जाणारे, घरी परतताना साप-विंचवासाठी बाळगणारे, बरेच होते. अकरा टॉर्च आले. बावीस सेल. मी सगळे मागितले. मघाशी करंटचा विचार केला नव्हता, आता घाबरून वाजवीपेक्षा जास्त केला. हे सगळे एकमेकांना जोडायचे कसे? सेलची बुडं एकत्र आणि डोकी एकत्र जुळायला हवीत. डाग द्यायला कथील नव्हतं, वेळ नव्हता. किसनराव घरातून दोन पितळी ताटं घेऊन आले. एक खाली ठेवलं, त्यावर सेल उभे मांडले, वरून दुसरं ताट ठेवलं. वातीच्या बॅटरीच्या दोन वायरी तोडून एक खालच्या ताटाला, एक वरच्या ताटाला बांधली.

इकडे हे चाललं असताना तिकडे तुळसाबाईने तोंड उघडलं. "राख नाई तं शेन लावा. मी तेच सांगत आली सारं आयुष्य. आता रेडिओनंबी सांगतलं."

बायकांत कुजबुज झाली. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. सुलोचनाबाई एकदम उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून पडला तो त्यांनी कमरेला खोचला.

"लावा नाई, मावशी! लावू नका, असं म्हनलं मी त्याच्यात!"

"आमी तं नाई आयकलं."

"तुमी कसं आयकान? याच्या बल्बानं खाल्लं ना ते!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग त्या बायकांकडे वळल्या. पुस्तकी मराठी गेली. "आयका वं बायांनो. शेनात धनुर्वाताचं इख असते. नाळीतून ते लेकराच्या आंगात जाते. सात-आठ दिसांनी लेकराचा जबडा बसते, दूध पेत नाई, अन् मरते. आपन म्हनतो बाहेरची बाधा झाली. बाधा नाई ते. शेन हाय ते. मावशी, मागच्या पावसाळ्यात तुमच्या नातवाले काय झालं व्हतं?"

तुळसाबाईने पदर तोंडाला लावला.

मी बटण फिरवलं. काही नाही. खरखरही नाही. वरचं ताट दाबलं. काही नाही. एक सेल बोटांना गरम लागला. कंदील जवळ आणायला सांगितलं आणि ताट उचलून परत सगळी मांडामांड बघायला लागलो. घामाने चष्मा घसरत होता.

तुळसाबाई सतरंजीवरून सरकत सरकत जवळ आली होती. वाकून तिने सेलांच्या गर्दीत बोट घातलं.

"हे पाय," ती म्हणाली. "साऱ्यांचं डोकं वर हाय. हे एक पायाळू हाय."

खरंच. एक सेल उलटा होता. बाकी एकवीस जण त्या एकातच आपला जीव ओतत होते. तिने तो दोन बोटांनी अलगद उचलला, फिरवला आणि परत ठेवला. तसं फिरवणं तिने आयुष्यात किती वेळा केलं असेल, आणि कुठे, ते मी बोलत नाही.

मी ताट ठेवलं. रेडिओ बोलायला लागला.

"...आणि बाळंतिणीला तिसऱ्या दिवसापर्यंत उपाशी ठेवू नका. तिला गरम, ताजं जेवण द्या."

शेवटचं एक मिनिट मिळालं. सुलोचनाबाई उभ्याच होत्या, तशाच ऐकत राहिल्या. भाषणाच्या पहिल्या भागात लाजेने त्यांनी नीट ऐकलं नव्हतं. आता ऐकत होत्या. संपल्यावर निवेदकाने पुन्हा नाव घेतलं आणि कुणाचं तरी भजन सुरू झालं. टाळ्या वाजल्या. बाई किसनरावांना म्हणाल्या, "एवढा बारीक आवाज हाय माहा? मले वाटलं मी मोठ्यानं बोलतो."

"घरी मोठा असते," किसनराव म्हणाले.

सगळं अंगण हसलं. मीही हसलो. माझी सुटका झाली असं मला वाटलं. मग लोक सेल मागायला आले.

बावीस सेल, सगळे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. कुणाचे कालच घातलेले, कुणाचे दिवाळीपासूनचे. ताटातून काढल्यावर कुठला कुणाचा? प्रत्येक जण सांगत होता की माझे नवे होते. जुने सेल एकाचेही नव्हते. हेडमास्तरांनी न्यायाने दोन दोन वाटले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच टॉर्चने डोळा उघडला नाही. शेवटी किसनरावांनी कंदील घेऊन चार जणांना घरापर्यंत पोचवलं. पुढे महिनाभर वलगावहून कुणी दुकानात आलं की पहिलं वाक्य असे, "माहे सेल नवे व्हते."

भाऊसाहेब मोर्शीहून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. वलगावची बस आमच्या दुकानासमोरच थांबत असे. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, असाच एक बल्ब आणि मीटर माझ्यापुढे सरकवला.

"आता मोज."

मी करंट मोजला. रेडिओचे चारही व्हॉल्व्ह मिळून जेवढा करंट घेत, त्याच्या दुप्पट तो एकटा बल्ब घेत होता. म्हणजे तीन महिने पुरायची बॅटरी एका महिन्यात संपायची. त्यात बाईंची बॅटरी आधीच अर्धी वापरलेली, आणि रेडिओ दिवसभर चालू.

"अन् सेल किती लावले तू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बावीस."

"एक पुरला असता. तेवढं भाषन काय, दुसऱ्या दिवशीचं भजनबी आयकलं असतं."

आणि त्यांनी पेपर पुन्हा उचलला. संध्याकाळी मी गणपतीशेजारची फ्रेम भिंतीवरून काढली. भाऊसाहेबांनी ती परत लावायला लावली. "राहू दे," म्हणाले, "गिऱ्हाईक पायते."

पुढच्या आठवड्यात मी वलगावला गेलो. नवी बॅटरी बसवली. दिव्याला त्याचा स्वतःचा एक सेल दिला, आणि दारावरच्या घंटीचं बटण पेटीच्या कडेला बसवलं. बटण दाबलं की दिवा, सोडलं की अंधार. स्टेशन लावायला तेवढं पुरतं. किसनरावांचा चेहरा पडला. "म्हनजे आता एका हातानं दाबाचं अन् एका हातानं जेवाचं?" ते म्हणाले.

मी निघताना सुलोचनाबाई सायकल काढत होत्या. तुळसाबाईच्या शेजारणीची सून बाळंतपणाला आली होती. निरोप घेऊन स्वतः तुळसाबाई आली होती, आणि या वेळी बाई अडायची वाट न पाहता कळा सुरू होताच आली होती. ती सायकलच्या मागे बसायला तयार नव्हती. बाई सायकल हातात धरून तिच्याबरोबर पायी निघाल्या. भाषणाचा गुण, की अंगणात उभं राहून बोलल्याचा, मी विचारलं नाही. माझ्या कामाचा नव्हता, एवढं नक्की.

नंतर मी अकोल्याला स्वतःचं दुकान टाकलं आणि चाळीस वर्षं चालवलं. रेडिओ गेले, टेप आले, टीव्ही आले. कुणी काही नवं जोडून मागितलं की मी आधी विचारत असे, "दिवसाला किती वेळ चालवान?" गिऱ्हाईक म्हणायचं, "थोडाच वेळ." तो आकडा मी दहाने गुणत असे.